दोन बोटं कमी

द्वारका, दिल्ली
११ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,

बळवंतचा नमस्कार. फोनवर तुला आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा पत्राचा मार्ग धरला आहे. मागच्या रविवारी मी इकडून इतका ओरडलो की सोसायटीचा रखवालदार धावत वर आला, आणि तू तिकडून शांतपणे विचारलंस, "बोल ना, गप्प का?" वय झालं, दुसरं काय.

बातमी अशी की तुझा भाऊ तज्ज्ञ झाला आहे. हसू नकोस. इथे एक समिती नेमली आहे, घोड्याच्या गाड्या कशा बनत त्याची नोंद ठेवायला. दिल्लीतून टांगे गेले त्याला बरीच वर्षं झाली. आता ते गेले याचं वाईट वाटायला सवड मिळाली आहे. समितीत एक इतिहासाची बाई आहे, मृणाल. दिल्लीतच जन्मलेली, वडील इथल्या मंत्रालयात होते. मराठी छान बोलते, फक्त मधले शब्द हरवतात. "काका, चाकावरची ती लोखंडाची पट्टी, तिला आपल्यात काय म्हणतात?" मी म्हणालो, धाव. त्या एका शब्दावर माझी समितीत नेमणूक झाली. मिरजेत टांगे बनवणारे ज्ञानोबा सुतार, आपले अण्णा, त्यांचा मुलगा, आणि वर वजनमापे खात्यात तीस वर्षं नोकरी. यापेक्षा मोठा जाणकार त्यांना कुठे मिळणार? ज्या कामाच्या धुराला कंटाळून मी घर सोडलं, त्याच कामावर आता भाषणं देतो. शाल पण मिळाली. बारीक आहे.

आमचा खरा खजिना म्हणजे यामीन मिस्त्री. वय ऐंशीच्या पुढे. पूर्वी पहाडगंजमागे त्यांचा कारखाना होता. टांगे बंद झाल्यावर ते मानेसरजवळच्या एका गावात नातवाकडे गेले. चहूकडे मोटारींचे कारखाने, समोरून कंपनीच्या बसगाड्या, आणि मध्ये हे बाजेवर बसून लाकूड तासतात. त्यांनाही ऐकू येत नाही, त्यामुळे मुलाखती घेऊन माझा घसा गेला. पण पुस्तक होतंय, आणि मुखपृष्ठावर त्यांचं नाव असावं असा आग्रह मीच धरला. एकदा त्यांनी मला म्हटलं, "साहब, सत्तर साल चक्के बनाए, किसी पर अपना नाम नहीं लिखा। एक जगह लिखा हो तो अच्छा लगे।" मला भरून आलं.

त्यांच्या एका चुकीवर मात्र मी पांघरूण घातलं. आपल्या दोघांतच ठेव. त्यांनी सुतळीनं चाकाचा घेर मोजला आणि धावेचं माप सांगितलं, ते घेरापेक्षा दोन बोटं कमी. चारदा विचारलं, चारदा तेच. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत काय बोलायचं? घरी येऊन मी वहीत गुपचूप दोन बोटं वाढवून माप बरोबर केलं. तीस वर्षं लोकांचे तराजू तपासलेल्या माणसाच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही.

वहीतल्या मापांवरून मानेसरच्याच एका वर्कशॉपमध्ये नवा टांगा तयार होतो आहे. पुस्तक वाचून कुणालाही चाक करता यावं, ही समितीची प्रतिज्ञा आहे. मिस्त्रींना मुद्दाम हात लावू देत नाही. उद्घाटन जानेवारीत.

अण्णांच्या शेवटच्या काळातला एखादा फोटो असेल तर पाठव. त्यांच्यावर एक प्रकरण लिहितो आहे.

तुझा,
बळवंत


मिरज
२० नोव्हेंबर २०२४

चि. बळवंतास आशीर्वाद.

पत्र मिळालं. शाल बारीक असली तरी पांघर, दिल्लीची थंडी वाईट.

फोटो पाठवते आहे. एकोणीसशे त्र्याऐंशीचा असेल. अण्णा कारखान्याच्या दाराशी खाटेवर बसलेत, फेटा बांधून. शेजारी नवा टांगा उभा आहे. मागे गोणपाटाचा पडदा आहे. नीट बघ. तुला बघायची घाई असते, म्हणून सांगते.

आता ते दोन बोटांचं. मिस्त्रींनी चारदा तेच सांगितलं म्हणतोस. तू चारदा काय विचारलंस? "किती" विचारलंस की "का" विचारलंस? मला वाटतं तू "किती"च विचारलं असशील. ते पान छापायला देऊ नकोस. आधी मानेसरला जा, त्यांच्यासमोर बस आणि "का" विचार. मग मला लिही.

तुझं खातं मापं तपासायचं हे मला माहीत आहे. माप चुकीचं आहे असं ठरवून तपासायला जायचं का, ते मला माहीत नाही.

थंडीत डोक्याला रुमाल बांध.

अक्का


द्वारका
३ डिसेंबर २०२४

ती. अक्कास नमस्कार.

तुझी शंका वाचून मला गंमत वाटली, आणि थोडा अभिमानही. घरात बसून का होईना, तुझं लक्ष असायचं तर! पण अगं, यात "का" विचारण्यासारखं काही नाही. घेर बारा फूट साडेसहा इंच असेल तर त्यावर बसणारी पट्टीही तेवढीच हवी. वर्तुळ कुणाच्या वयाला मान देत नाही. हे वाक्य मी पुस्तकातही घातलं आहे, प्रस्तावनेत.

अण्णाही धाव बसवण्याआधी तापवायचे, ती वाकवण्यासाठी, हे मी सविस्तर लिहिलं आहे. त्या दिवशी मी नेहमी अभ्यासाला मामांकडे पळायचो, धुरानं डोळे चुरचुरायचे. पण तज्ज्ञाला थोडी कल्पनाशक्ती चालते.

फोटोबद्दल काय सांगू! छपाई थांबवून तो घेतला. मृणालला दाखवला तर ती म्हणाली, "काका, हे तर बिल्कुल वेगळं डिझाइन आहे!" आणि खरंच. अण्णांची जुनी चाकं भक्कम, आरे जाडजूड. या फोटोतल्या चाकाचे आरे सडपातळ, मधला तुंबा लहान, सगळं कसं हलकं. मी रात्र न झोपता, म्हणजे दुपारच्या दोन झोपा सोडून, आठ पानं लिहिली. शीर्षक: 'ज्ञानोबा सुतार यांचा उत्तरकाळ: भार टाकून देण्याचे तत्त्वज्ञान'. उतारवयात माणूस संसारातला अनावश्यक भार उतरवतो, तसा अण्णांनी चाकातला उतरवला, असा माझा सिद्धांत आहे. एका प्राध्यापकांनी तो वाचून मान डोलावली. ते वाचतानाही मान डोलावतात, पण तरी.

तू नीट बघ म्हणालीस म्हणून भिंग घेऊन पाहिलं. पडद्याखाली कुणाची तरी पावलं दिसतात. फोटोखाली ओळ टाकली आहे: 'पडद्यामागे अनामिक मदतनीस'. बघ, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

पुस्तक छापून आलं की पहिली प्रत तुला.

बळवंत


द्वारका
२ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तू दोन महिने लिहिलं नाहीस. मीही. तुझ्या न लिहिण्याचं कारण तुला ठाऊक. माझ्याकडे लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

उद्घाटन झालं. लग्नाच्या वरातीतली घोडी भाड्यानं आणली होती. तिला बँडशिवाय चालायची सवय नव्हती, म्हणून मृणालनं मोबाइलवर वरातीची धून लावली. टांगा देखणा दिसत होता. पाहुणे म्हणून आलेले एक मोठे अधिकारी बसले, शेजारी मी. मी हात जोडून फोटोला तोंड दिलं. मिस्त्री पहिल्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर पुस्तक, मुखपृष्ठावरच्या आपल्या नावावर बोट ठेवून बसलेले.

पंधरा-वीस पावलं गेलो असू. डाव्या चाकाची धाव निघाली. निघाली म्हणजे निखळून पडली नाही, सरळ उतरून एकटीच पुढे चालायला लागली. उतार होता. सामोशांच्या टेबलाला वळसा घातला, दोन छायाचित्रकारांमधून वाट काढली आणि मिस्त्रींच्या खुर्चीसमोर जाऊन गोल गोल फिरून आडवी झाली. धाव उतरल्यावर चाकाचं लाकूड सुटलं, टांगा कलला आणि साहेब माझ्या मांडीवर आले. कुणाला लागलं नाही. घोडी तेवढी शेवटपर्यंत धुनीवर नाचत होती.

इथपर्यंत मी हसत लिहिलं. पुढचं नाही.

मिस्त्री उठले. पट्टीला हात लावला, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "ये मेरा नाप नहीं है।" मोठ्यानं म्हणाले, बहिऱ्या माणसासारखं. सगळ्यांनी ऐकलं. वर्कशॉपवाल्यानं लगेच पुस्तक उघडून पान दाखवलं: माप पुस्तकातलंच, पुस्तकावर नाव मिस्त्रींचं. साहेब कपडे झटकत म्हणाले, "उम्र हो गई है, याददाश्त का क्या भरोसा।" सगळ्यांनी माना हलवल्या. आणि अक्का, मीही हलवली.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी सामोशांकडे बघितलं.

आता समितीची बैठक पंचवीस तारखेला आहे. कारागिराची स्मृती विश्वसनीय नव्हती असा ठराव करून मुखपृष्ठावरचं त्यांचं नाव काढायचं आहे. ठरावाचा मसुदा लिहायला मला सांगितलंय, कारण माझी भाषा सौम्य आहे म्हणे.

मला अजून कळत नाही, पट्टी उतरली कशी. माप अगदी बरोबर होतं. वर्कशॉपवाल्यानं लाकडी हातोड्यानं ठोकून नीट बसवली होती. तू त्या वेळी "का" विचार म्हणाली होतीस. तुला काही माहीत होतं का?

बळवंत


मिरज
१० फेब्रुवारी २०२५

बळवंत,

पुस्तक मिळालं होतं. म्हणूनच लिहिलं नाही. आठ पानांचं ते प्रकरण वाचून आधी खूप हसले, मग रागावले, मग हात दुखतात म्हणून लिहायचं राहिलं.

आता सावकाश वाच.

धाव वाकवण्यासाठी तापवत नाहीत. ती थंड असतानाच वाकवून जोडलेली असते. तापवतात ती मोठी व्हावी म्हणून. घेरापेक्षा दोन बोटं कमी धरलेली धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल केली की तेवढ्यापुरती फुगते. मग तिघांनी चिमट्यांत धरून चाकावर घालायची, लाकूड धुमसायला लागलं की वरून पाणी ओतायचं. लोखंड आखडतं आणि सगळं चाक आवळून धरतं. आरे करकरतात, सांधे मिटतात. धाव कमी असते म्हणून तर चाक एकत्र राहतं. तू दोन बोटं वाढवून चाकाची पकडच काढून टाकलीस. शाळेत लोखंड तापल्यावर पसरतं या प्रश्नाला तुला पैकीच्या पैकी मार्क होते. अण्णांनी पेढे वाटले होते.

पाणी लवकर ओतलं तर धाव नीट बसत नाही, उशीर झाला तर लाकूड जळतं. घड्याळ चालत नाही. वासावर कळतं. मला कसं माहीत? कारण अकरा वर्षं मी केलं.

अठ्ठ्याहत्तर साली अण्णांचे हात कापायला लागले. तू वर्षभरापूर्वी दिल्लीला गेला होतास. मी सासरहून परत आले होते, तेही तेव्हाच. बाईच्या हातचा टांगा कुणी घेईना, म्हणून अण्णा फेटा बांधून दाराशी बसायचे आणि मी पडद्यामागे. चाकं मी केली. जाड आरे मला एकटीला पेलेनात, म्हणून सडपातळ केले आणि संख्येनं दोन वाढवले. तुझं ते भार टाकून देण्याचं तत्त्वज्ञान म्हणजे माझी कंबर. दिवाळीला तू यायचास तेव्हा भट्टी बंद असायची आणि मी चकल्या करत असायचे. अण्णा म्हणाले, त्याला कशाला सांगायचं, लाजेल. मलाही तेच वाटलं. माझे कान वयानं नाही गेले. घणानं गेले. तुझ्या मिस्त्रींचेही तसेच गेले असतील.

फोटोतली पावलं माझी. बाईची पावलं, आणि बोटांत जोडवी नाहीत. नीट बघ म्हटलं होतं.

आणखी एक. अण्णांनी तुला हुशार म्हणून शिकायला पाठवलं असं तू सगळ्यांना सांगतोस. हुशार होतासच. पण ते मला म्हणाले होते, "याला माप कळतं, लाकूड कळत नाही. नोकरीच बरी." वाईट वाटून घेऊ नकोस. वाटलं तरी चालेल.

माझं नाव नाही म्हणून मी काही बोलले नसते. सवय आहे. पण त्या म्हाताऱ्या माणसाचं एका ठिकाणी नाव लागलं होतं, तेही तू तुझ्या मापानं पुसतोयस. मला याचा फार राग आलाय. पंचवीस तारखेला उभा राहा आणि सांग. नाही सांगितलंस तर मला पत्र पाठवू नकोस, आणि पुस्तकाची प्रत परत घेऊन जा.

इंदुमती


द्वारका
२७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का,

तू खाली पूर्ण नाव लिहिलंस, तेव्हाच मला घाम फुटला.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. मग अण्णांचा फोटो भिंगातून बघितला. पावलं बघितली. अकरा वर्षं मी दिवाळीला येऊन तुझ्या चकल्या खाल्ल्या आणि तुझ्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघून म्हणालो, "अक्का, तेल जपून घालत जा." हे मला आता आठवतं. रडलो, अक्का. साठीनंतर रडायला चष्मा आधी काढावा लागतो, एवढीच अडचण.

बैठकीत सौम्य भाषेतला ठराव वाचायला उभा राहिलो आणि वाचला तो दुसराच. दोन ओळींचा होता: 'पान सत्तेचाळीसवरचे माप यामीन मिस्त्री यांनी बरोबर सांगितले होते. ते बळवंत सुतार यांनी त्यांना न विचारता बदलले.' मान डोलावणारे प्राध्यापक पहिल्यांदाच डोलावायचे थांबले. एकजण म्हणाले, "सुतारजी, 'छपाईची चूक' म्हणूया ना, खत्म करो." मी म्हणालो, छापणाऱ्यानं बिचाऱ्यानं काही केलं नाही. मृणालनं विचारलं, "पण काका, तुम्ही असं का केलंत?" मी म्हणालो, "सवय, बेटा. समोरचा चुकतोय हे धरूनच मी तीस वर्षं घराबाहेर पडलो." मिस्त्रींचं नाव राहिलं. माझं तज्ज्ञपण गेलं. शाल परत मागितली नाही, ती कुणालाच नको असावी.

तीनशे प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची ठरलं. ती मीच चिकटवतो आहे, हातानं. डिंकानं बोटं एकमेकांना धरून बसतात, धाव बसल्यासारखी.

काल मानेसरला गेलो. शेअर रिक्षातून उतरलो, मिस्त्री बाजेवर होते. मी मोठ्यानं सगळं सांगितलं; इतक्या मोठ्यानं की माझा गुन्हा पूर्ण गल्लीनं ऐकला. त्यांनी रंधा बाजूला ठेवला. "जिस दिन पूछा था, उसी दिन पूछ लेते कि क्यों।" बस, एवढंच. मग विचारलं, "ये बात आपको बताई किसने?" मी म्हणालो, "मेरी बड़ी बहन ने। ग्यारह साल चक्के उसी ने बनाए।" फोटो दाखवला. तो त्यांनी डोळ्याजवळ धरला. माझ्या तत्त्वज्ञानाचं विचारलं नाही; आरे मोजले. "दो ज़्यादा डाले हैं। पतले हैं न, इसलिए। समझदार कारीगर है।" मग मला म्हणाले, "तो किताब में इनका नाम क्यों नहीं है?"



सोळा मार्चला ते त्यांच्या अंगणात, त्यांच्या मापानं धाव बसवणार आहेत. तुला बोलावलंय. माझी बहीण म्हणून नाही, असं निक्षून सांगितलं. 'कारीगर को कारीगर का सलाम' असं लिही म्हणाले. मृणाल तिकिटं काढते आहे. येशील ना?

आणि फोटोखालच्या ओळीचं. 'अनामिक मदतनीस' खोडलं आहे. आता तिथे 'चाक करणाऱ्या इंदुमती ज्ञानोबा सुतार' असं लिहितो आहे. आधीचं 'पडद्यामागे' ठेवू की काढू? या वेळी विचारून करतो.

बळवंत


मिरज
६ मार्च २०२५

चि. बळवंतास पुष्कळ आशीर्वाद.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. माझं नाव छापलेलं मी रेशनकार्डानंतर प्रथमच बघणार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

'पडद्यामागे' राहू दे. होतेच तिथे. आता कळू दे सगळ्यांना.

'उत्तरकाळ' हे प्रकरणही काढू नकोस. फक्त अण्णांच्या जागी माझी कंबर लिही.

येते. गुडघ्याचा पट्टा आणि अण्णांचा लांब चिमटा बरोबर आणते. गाडीत चढू दिला तर. मिस्त्रींना माझा सलाम सांग. आम्ही दोघंही बहिरे, त्यामुळे भांडण होणार नाही. तू मध्ये उभा राहून दोघांना ओरडून सांगत जा, तेवढ्यापुरता तुला आवाज आहे.

आणि एक ऐक. त्या दिवशी मामांकडे पळायचं नाही. मिस्त्री परवानगी देतील तर पाणी तू ओतायचंस. मी धुराजवळ उभी राहीन आणि वास आला की बोट वर करीन. तोवर कळशी धरून गप्प उभा राहा. तुला वाटेल उशीर होतोय, लाकूड जळतंय, म्हातारीला कळत नाहीये. वाटू दे. माझं बोट वर जाईपर्यंत एक थेंबही दुरुस्त करायचा नाही.

अक्का